राहत्या घराचं भाडं

माझं पोट लोकांच्या घरभाड्यावर चालतं, पण मी घरमालकीण नाही. स्वतःच्या मालकीची एक वीटही माझ्याकडे नाही. घरबांधणीच्या धंद्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत मी अर्थतज्ज्ञ आहे. शहरात किती घरं बांधायला घेतली, किती अर्धवट पडून राहिली, किती विकली गेली, भाडी कुठे चढली नि कुठे उतरली, हे आम्ही मोजतो आणि दर तीन महिन्यांनी त्याचा अहवाल काढतो. अर्थतज्ज्ञ म्हटलं की लोक मला कोपऱ्यात घेऊन विचारतात, "घर आत्ता घेऊ की थांबू?" मी म्हणते, "ते मला कळत असतं तर मी भाड्याच्या घरात राहिले असते का?" यावर ते हसतात आणि मग पुन्हा तेच विचारतात.

आमच्या विभागाच्या प्रमुख एक बाई आहेत. त्यांना आम्ही पाठीमागे मध्यक बाई म्हणतो, आणि त्यांना ते ठाऊक आहे. सरासरी या शब्दाची त्यांना चीड. "एक धनाढ्य माणूस खोलीत शिरला की खोलीतले सगळे सरासरीने श्रीमंत होतात, पण चहाचे पैसे द्यायला कोणी उठत नाही," असं त्या म्हणतात. त्यापेक्षा सगळ्या भाडेकरूंना, कमी भाडं भरणाऱ्यापासून जास्त भरणाऱ्यापर्यंत, एका रांगेत उभं करायचं आणि बरोबर मधोमध जो येईल त्याला विचारायचं, बाबा रे, तू किती भरतोस? तो मधला म्हणजे मध्यक. त्याच्यावर बाईंचा स्वतःच्या नवऱ्याहून जास्त विश्वास आहे, असं नवराच एकदा फोनवर म्हणाला होता.

माझ्या शेजारच्या टेबलावर वजाबाकी बसतो. हेही टोपणनाव, आणि मीच ठेवलेलं. आमच्याकडे भाड्यांच्या नोंदी दोन वाटांनी येतात. काही जाहिरातींतून, काही लोकांना फोन करून. त्या नोंदी तपासून संशयास्पद असतील त्या काढून टाकणं हे वजाबाकीचं काम. लोक फोनवर काय वाटेल ते सांगतात. कोणी वर्षाचं भाडं महिन्याचं म्हणून सांगतो, कोणी भाड्याऐवजी घराचं क्षेत्रफळ सांगून मोकळा होतो. असल्या नोंदी त्याने गाळल्या नसत्या तर आमच्या अहवालाचं हसं झालं असतं. माणूस कष्टाळू आहे. फक्त एखादी गोष्ट नेहमीसारखी नसली की ती खोटी असणार, असं त्याला वाटतं. लग्नासाठी मुली पाहतानाही त्याने याच पद्धतीने काम केलं, त्यामुळे अजून एकटाच आहे.

आता घराचं सांगते. बाबा आणि मी एका दुमजली घराच्या तळमजल्यावर राहतो. वर काकू राहतात. घर त्यांचं. नात्याने त्या आमच्या कोणी लागत नाहीत, पण मी रांगायला, चालायला, पडायला त्यांच्याच फरशीवर शिकले. आई गेली तेव्हा पहिले कित्येक दिवस वरून डबा यायचा. तो रिकामा परत करायची मला लाज वाटायची, आणि काकू म्हणायच्या, "रिकामाच दे गं, भरायला मला रिकामाच लागतो."

बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. एक एक अक्षर चिमटीत धरून ओळ उभी करायची, तीही उलटी. पुढे छापखाने बदलले, बाबा निवृत्त झाले आणि मग काचबिंदूने त्यांचे डोळे कडेकडेने खायला सुरुवात केली. आता त्यांना जग नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, आणि संध्याकाळ झाली की ती नळीही बंद होते. पण या घरात ते असे वावरतात की नवख्या पाहुण्याला काही कळू नये. गॅस पेटवतात, कपडे वाळत घालतात, फाटकापर्यंत जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारतात. गेल्या वर्षी आम्ही मामाकडे थोडे दिवस राहायला गेलो होतो. तिथे बाबा दाराला थडकले, टेबलाला थडकले, आणि मग एका खुर्चीत बसले ते उठेचनात. पाणी प्यायलाही हाक मारायचे. परत आल्यावर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जमेल तोवर यांचं घर बदलू नका. नवीन घर शिकायला आता त्यांच्याकडे डोळे उरलेले नाहीत." ते वाक्य मी बाबांना सांगितलं नाही. त्यांना ते माझ्याआधीच माहीत होतं.

आणि या घराचं भाडं काकूंनी वर्षानुवर्षं जवळपास होतं तिथेच ठेवलं होतं. अधूनमधून बाबाच म्हणायचे, "काकू, यंदा वाढवा." मग त्या एवढंसं काहीतरी वाढवायच्या. एखाद्या मुलाने फारच हट्ट केला तर त्याच्या हातावर गोळी ठेवावी, तसं.

एका रविवारी सकाळी काकूंचा भाचा खाली आला. तो दुसऱ्या शहरात असतो, पण महिन्यातून एकदा मावशीला बघायला न चुकता येतो. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला खलनायक ठरवाल. त्याच्या हातात कागदांची चळत होती, मधलं एक पान दुमडलेलं.

"बसू का जरा?" तो म्हणाला. "थोडं अवघड बोलायचंय."

"अवघड असेल तर बसूनच बोला," बाबा म्हणाले.

तो बसला. मावशी परवा न्हाणीघरात घसरली, म्हणाला. वरचं छप्पर गळतंय. तिच्याजवळ दिवसभर कोणीतरी हवं, आणि त्याला पगार लागतो. मग त्याने दुमडलेलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. "हे बघा. हे मी म्हणत नाही, तज्ज्ञ म्हणतायत. या भागात लोक किती भाडं भरतात ते इथे लिहिलंय. तुम्ही त्याच्या निम्मंही भरत नाही. तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मावशी एकटी आहे आणि तिचं घर फुकटात गेल्यासारखं झालंय."

मी पानाकडे पाहिलं. वाक्य ओळखीचं होतं. असणारच. अहवालातलं ते प्रकरण माझंच.

"हे मी लिहिलंय," मी म्हणाले.

भाच्याने पान उलटं करून नाव शोधलं. सापडल्यावर त्याचा चेहरा उजळला. "मग तर प्रश्नच मिटला," तो म्हणाला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. ती अंगाशी आली त्या रविवारी. बाबा हसायला लागले. त्यांना खरंच गंमत वाटली होती, आणि त्यामुळे मला रडावंसं वाटलं. भाच्याने घाई केली नाही. पुढच्या तिमाहीचा अहवाल येईपर्यंत थांबतो म्हणाला. आकडा तोच राहिला तर एक तर तेवढं भाडं द्यावं, नाहीतर दुसरं घर बघावं. तेवढं भाडं भरायचं तर माझ्या पगारात भाजीपाला आणि बाबांच्या डोळ्यांतले थेंब यांतलं एकच काहीतरी आलं असतं. म्हणजे दुसरं घर. म्हणजे खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसून हाक मारणारे बाबा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी आमच्या भागाच्या नोंदी उघडल्या. काय शोधायचं ते ठरलं नव्हतं. आकडा चुकलेला असावा, एवढीच इच्छा होती, आणि अशी इच्छा धरून नोंदी उघडू नयेत हे मी नवीन येणाऱ्यांना स्वतः शिकवते. नोंदी ठीक होत्या. मग मी वजाबाकीने गाळलेल्या नोंदी उघडल्या आणि बघतच राहिले. फोनवर मिळालेली कमी भाडी ओळीने गाळलेली होती, आणि प्रत्येकीपुढे त्याचा एकच शेरा: शून्य राहिले आहे.

"हे काय रे?" मी त्याला विचारलं.

त्याने माझ्या पडद्याकडे मान वळवली. "सांगताना शेवटचं शून्य राहतं लोकांचं. एवढ्या कमी भाड्यात कोण घर देतं?"

"एकाच भागात इतक्या जणांचं शून्य राहिलं?"

"लोक निष्काळजी असतात."

मी त्याला आमचं भाडं सांगितलं. तो क्षणभर विचार करून म्हणाला, "तुमचंही शून्य राहिलंय."

"अरे, मी दर महिन्याला भरते ते."

तो खुर्ची सरकवून माझ्या शेजारी आला आणि आम्ही दोघं मिळून ती यादी वाचू लागलो. गाळलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात भाडेकरू जुना होता. दहा वर्षं, पंधरा, कुठे त्याहून जास्त. जिथे माणसं टिकली तिथलं भाडं कमी, आणि कमी म्हणून वजाबाकीने खोटं ठरवलेलं. उरली होती ती घरं, ज्यांतला जुना भाडेकरू निघून गेला आणि नवा चढ्या भाड्याने आला. म्हणजे इतकी वर्षं आम्ही शहराचं भाडं मोजत होतो ते फक्त घर सोडून गेलेल्यांच्या जागेचं. जे सुखाने राहत होते ते आमच्या हिशेबात नव्हतेच. वजाबाकीच्या तोंडचं पाणी पळालं. "मी काढली सगळी," तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, "आणि मी न बघता त्यावर प्रकरण लिहिलं. चल, बाईंकडे."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी भाच्याचंही सांगितलं, बाबांच्या डोळ्यांचंही. त्यांनी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छ होती. त्यांना वेळ हवा असला की त्या चष्मा पुसतात.

"तू आधी माझ्याकडे आलीस, का आधी दुरुस्त करायला बसलीस?"

"आधी तुमच्याकडे आले."

"मग वाचलीस. आजपासून तुझ्या भागाच्या नोंदी तू उघडायच्या नाहीस. भाड्याचं प्रकरणही तुझं नाही."

"पण बाई, चूक खरी आहे. यानेही बघितली."

"खरी आहे म्हणूनच सांगते. तू दुरुस्त केलीस तर ती तुझ्या बाबांच्या सोयीची दुरुस्ती ठरेल, मग आकडा कितीही बरोबर असो. आम्ही केली तर नुसती दुरुस्ती." त्यांनी चष्मा लावला. "तू सिमेंटकडे बघ."

तर मी सिमेंटकडे बघितलं. किती पोती गेली, कुठे गेली, वाळूचा भाव काय, सळईचा काय. माझं घर जायची वेळ आली होती आणि मी पोती मोजत होते. पहिले काही दिवस मी बाईंवर इतकी चिडले होते की त्यांना सकाळचा नमस्कारही तोंडातल्या तोंडात करायची. त्या मात्र नेहमीसारख्या मोठ्याने उत्तर द्यायच्या. मग एक दिवस पाहिलं तर बाई आणि वजाबाकी बाहेर निघाले होते. गाळलेल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन विचारायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. फोनवरच्या शून्यांवर त्यांचा आता भरवसा नव्हता. बाईंचा डावा गुडघा वर्षभर त्यांना जिना चढू देत नव्हता, आणि जुने भाडेकरू म्हटले की लिफ्ट नसलेल्या इमारतीच जास्त. संध्याकाळी त्या परत यायच्या, गुडघ्यावर हात ठेवून जपून खुर्चीत बसायच्या आणि खोलीचं दार लावून घ्यायच्या, म्हणजे मला काही ऐकू जाऊ नये. ते दार रोज माझ्यासमोर बंद व्हायचं आणि रोज माझा राग थोडा उतरायचा. कोणीतरी माझ्या बाबांसाठी जिने चढत होतं आणि ते बाबांसाठी आहे असं दिसू नये याची काळजीही घेत होतं. असा वरिष्ठ नशिबाने मिळतो. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या म्हणतील, एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नकोस.

अहवाल आला तेव्हा पहिल्याच पानावर बाईंनी चूक कबूल केली होती, स्वतःच्या नावावर. वजाबाकीचं नाव नाही, माझं नाही. त्या दिवशी वजाबाकी जेवायला उठलाच नाही. नुसता ते पान पुन्हा पुन्हा वाचत बसला. आत भाड्याचे आता दोन आकडे होते. एक, घर रिकामं होऊन नवा भाडेकरू आला की मिळतं ते भाडं. दुसरा, टिकून राहिलेले भाडेकरू भरतात ते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास होता. आम्ही त्याहूनही कमी भरत होतो, पण फरक आता एवढाच होता की कंबर कसली तर भरून निघेल. मी तो अहवाल बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "छपाई कशी आहे?" मी म्हटलं, चांगली आहे. "मग ठीक," म्हणाले. पण त्या रात्री त्यांना झोप चांगली लागली, हे मला भिंतीपलीकडून कळलं.

रविवारी भाचा आला. या वेळी तो काकूंना हात धरून खाली घेऊन आला. त्या खुर्चीत बसल्या, बाबा पलंगावर, मी दाराशी उभी. भाच्याकडे नवा अहवाल होता. त्याने तो नीट वाचला होता. लोक आमचे अहवाल इतके नीट वाचतात हे मला त्याच्यामुळेच कळलं.

"दुसरा आकडा पाहिला मी," तो म्हणाला. "तुम्ही चूक मान्य केलीत, तेही पाहिलं. पण मला एक सरळ सांगा. हे बाकीच्यांचं झालं. उद्या हे घर रिकामं झालं, तर या घराचं किती येईल?"

इथे मला दोन पळवाटा होत्या, आणि दोन्ही खऱ्या. एक म्हणजे आमची संस्था एकट्या घराचा अंदाज देत नाही, तसा लेखी नियमच आहे. दुसरी म्हणजे तो दुसरा आकडा पुढे करायचा आणि म्हणायचं, राहत्या घराला राहत्या घराचाच भाव लावायचा असतो. बाबांचा हात पलंगाच्या कठड्यावर होता. ते माझ्या दिशेने बघत होते, म्हणजे जिथे मी असेन असं त्यांना वाटत होतं तिकडे. आकडा मला माहीत होता. तो मी पहिल्याच आठवड्यात मनात काढून ठेवला होता, सिमेंट मोजता मोजता. धंद्याची खोड, दुसरं काय.

"मोठ्या आकड्याहून थोडं जास्तच येईल," मी म्हणाले. "तळमजला आहे, दार वेगळं आहे, दोन बाजूंनी उजेड आहे. आम्ही भरतो त्याच्या तिप्पट धरा. महिन्याभरात माणूस मिळेल."

भाचा माझ्याकडे बघतच राहिला. त्यालाही इतकं अपेक्षित नव्हतं. आता मी घर घालवलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खोटं बोलले नाही याचा अभिमान वगैरे काही वाटला नाही, कोणी विचारलंत तर.

"किती म्हणालीस?" काकूंनी विचारलं.

मी पुन्हा सांगितलं. या वेळी तिप्पट न म्हणता रक्कमच सांगितली.

काकूंनी ती मनातल्या मनात घोळवली असावी. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "एवढं? आणि मला कोणी बोललं नाही. मी आपली समजत होते, मी थोडीफार सवलत देते. म्हणजे मी चांगलीच दिलदार बाई निघाले की."

"मावशी, हसण्यासारखं काय आहे यात?" भाचा म्हणाला. "एवढं दर महिन्याला जातंय तुझं."

"जात नाहीये. मी देतेय. इतकी वर्षं न कळता दिलं, आता जरा कळून देऊ दे मला."

"पण का?"

काकू भाच्याकडे न बघता बाबांकडे बघून म्हणाल्या, "तुझे काका गेले तेव्हा मी वरती एकटी. घराला घर म्हणवेना. रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. यांची छापखान्यात रात्रपाळी असायची. उशिरा यायचे आणि फाटकाची कडी दोनदा वाजवायचे. एकदा आणि मग पुन्हा एकदा. जणू मला कळावं म्हणूनच, की खाली माणूस आलंय. ती कडी वाजली की मला झोप लागायची. एवढ्याने मी तगले बघ. त्याचं भाडं कोणत्या अहवालात लिहितात?"

मला हे माहीत नव्हतं. आईनेही कधी सांगितलं नव्हतं. बाबा कधी नव्हे ते अस्वस्थ झाले होते. कठड्यावरचा हात त्यांनी काढून घेतला.

"काकू," ते म्हणाले, "तुमचा गैरसमज होतोय. ती कडी एका झटक्यात बसायचीच नाही. मोडकी होती. म्हणून दोनदा लावायला लागायची."

झालं. मुलीने घर घालवलं होतंच, आता बापाने उरलंसुरलंही घालवलं. आमच्या घराण्यात सोयीचं बोलायची पद्धतच नाही, याचं मला त्या क्षणी मनापासून वाईट वाटलं.

काकू मात्र हलल्या नाहीत. "ते मला माहीत होतं हो," त्या म्हणाल्या. "लोहार दोनदा आला होता ती कडी दुरुस्त करायला. दोन्ही वेळा मीच त्याला परत पाठवला."

भाच्याने हातातला अहवाल मिटला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवायला तो छताकडे बघत होता, जणू गळती खालीच आहे. मग बाबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, भाडं वाढलंच पाहिजे, तो दुसरा आकडा आहे तेवढं आम्ही भरू. काकू म्हणाल्या, इतकं नको, छपरापुरतं द्या. बाबा म्हणाले, आणि दिवसभराच्या बाईचं काय? काकू म्हणाल्या, तिला अर्धा दिवसच बोलवू, दिवसभर ती बसून करणार काय, माझ्याशी भांडण? बाबा वाढवत होते आणि काकू कमी करत होत्या. घरभाड्याची घासाघीस हा माझा अभ्यासाचा विषय आहे, पण ती उलट्या दिशेने चाललेली मी पहिल्यांदाच पाहिली. भाचा आलटून पालटून दोघांकडे बघत होता. शेवटी त्यानेच एक रक्कम सांगितली, दुसऱ्या आकड्याच्या जरा खाली, आणि म्हणाला, "आता कोणी बोलू नका." कोणी बोललं नाही.

काकूंना वर घेऊन जाताना तो दारात थांबला आणि मला म्हणाला, "तुम्ही कमी सांगू शकला असतात."

"हो," मी म्हणाले.

"थँक्यू," तो म्हणाला, आणि मी त्याला उलट तेच म्हणाले, कारण महिन्यातून एकदा न चुकता येणारा भाचा सगळ्यांच्या मावशीला मिळत नाही. मग ते दोघे जिना चढून गेले.

मी दार लावलं आणि बाबांच्या शेजारी येऊन बसले. बाबांनी चाचपून माझा हात धरला.

"दुसरा आकडा सांगितला असतास तर?" त्यांनी विचारलं.

"तोही खराच होता, बाबा."

"असेल. पण मग मला कळलंच नसतं."

"काय?"

"की कोणीतरी माझ्यासाठी दर महिन्याला एवढं सोडत होतं. मी आपला समजत होतो, मी भाडं भरतो आणि राहतो." त्यांनी माझा हात थोपटला. "बरं झालं सांगितलंस. नाहीतर आभार न मानताच गेलो असतो."

ते उठले. मी विचारलं, कुठे?

"वर. भाच्यासमोर नीट बोलता आलं नाही."

मी हात द्यायला उठले तर म्हणाले, "तू बस." त्यांनी दार उघडलं, जिन्याचा कठडा न शोधता धरला आणि वर गेले. भाचा खाली उतरताना त्यांच्या बाजूने निघून गेला असावा, कारण फाटकाचा आवाज आला. मग वर दार वाजलं आणि उघडलं. बाबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. त्यांना बराच वेळ लागला. शेवटी काकूंचं, "बसा हो आधी," एवढं ऐकू आलं.